रोडवर धावणाऱ्याला सिंहगड–राजगड–तोरणा ही वाट पळत करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की २१ किलोमीटर दोन तासांत संपवता, येत्या थंडीत सिंहगड–राजगड–तोरणा करायचंय, आणि किलोमीटरला किती मिनिटांचा वेग धरावा ते कळत नाही. वेग धरूच नका. डोंगरात हिशोब तासांचा असतो. राजगडाची संजीवनी माची ते तोरण्याची बुधला माची हा दांडा, म्हणजे दोन गडांना जोडणारी डोंगरधार, १०-१२ किलोमीटरच्या आसपास. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत होती, तरी त्या दांड्याने माझे साडेचार तास खाल्ले. त्यात खरं पळणं तासभरसुद्धा नसेल. चढ हात गुडघ्यावर ठेवून चालायचा, सपाटीला पळायचं, आणि उतार... उताराचं पुढे सांगतो.

आधी एक प्रसंग. पहिल्याच वर्षी मी सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून निघून खाली कल्याण गावाकडे सुसाट उतरत होतो. खळ्यावर भात झोडणाऱ्या एका मामांनी मला पाहिलं, हातातली पेंढी टाकली आणि ते माझ्याच दिशेने पळत सुटले. "काय झालं? कोन पडलं वर?" मी म्हटलं, काही नाही मामा, असंच पळतोय. "आसंच?" त्यांनी मला बुटापासून टोपीपर्यंत न्याहाळलं, आणि मग पाण्याचा तांब्या पुढे केला. गडावरून कुणी पळत खाली आलं म्हणजे कुणी दरीत गेलं, नाहीतर आग्या मोहोळ उठलं, एवढाच अर्थ त्यांना ठाऊक. मी मात्र सकाळी सकाळी त्यांच्या पोटात गोळा आणला होता. तेव्हापासून पहिलं घर दिसलं की मी चालायला लागतो, शेवटचं घर मागे पडलं की पुन्हा पळतो. असे पाचसात मिनिटं जातात, पण तेवढ्यात पुढच्या वाटेची खबर मिळते: वणवा कुठे लागून गेलाय, कुठली विहीर आटलीय, कुठल्या वाडीतली कुत्री अंगावर येतात.

या वाटा ट्रेकर लोकांनी पाडलेल्या नाहीत हे डोक्यात ठेवलंत तर अर्धी तयारी झाली. कुणाला तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याला बाजाराला जायचं होतं, कुणाला दूध घालायचं होतं, कुणाला गवताचा भारा घेऊन घरी यायचं होतं. डोक्यावर भारा असलेला माणूस जो चढ झेपेल तोच धरतो, म्हणून मळलेली वाट वळणं घेत जाते. ती सोडून सरळ उतरायला गेलात की घसाऱ्यावर आलात. मुरमाचे बारीक खडे कातळावर छर्ऱ्यांसारखे फिरतात आणि रोडवर धावणारा माणूस टाच आधी टेकवून तिथेच बसतो. लहान पावलं टाका, गुडघे किंचित वाकवा, नजर चारपाच पावलं पुढे ठेवा. भारा घेऊन उतरणाऱ्या मावशींचं एकदा मागून निरीक्षण करा, त्यांचं पाऊल कधीच लांब पडत नाही.

चकवतात त्या ढोरवाटा, गुरांनी पाडलेल्या. त्या उताराला आडव्या, एकीखाली एक अशा जातात आणि चांगलं गवत आलं की विरून जातात. माणसाची वाट शेवटी एखादी खिंड किंवा वाडी गाठतेच. मी राजगडाच्या अळू दरवाजातून बाहेर पडून अशाच एका ढोरवाटेने दांडा सोडून बराच खाली गेलो होतो. कारवीच्या झुडपांत अडकलो तेव्हा वरून एका धनगर आजींनी हाक मारली, "आरं लेकरा, तिकडं काय न्हाय!" जीपीएस तेव्हाही मला बरोबर वाटेवर दाखवत होतं.

सिंहगडाकडून आलात की विंझर, मार्गासनी, साखर करत गुंजवण्यापर्यंत बराचसा डांबरी रस्ता आणि शेतं लागतात. रोडवाले इथे खूश होऊन जोर लावतात आणि राजगडाच्या चोर दरवाजाच्या चढावर पोटऱ्यांत गोळे येऊन बसतात. इथे मुद्दाम हळू जा. भाताच्या बांधावरून पळू नका, मातीचा बांध बुटाने फुटतो आणि तो पुन्हा घालायला कुणाची तरी सकाळ जाते. हा सगळा गुंजण मावळ, तोरण्याकडे कानद खोरं. पाट्यांवर बुद्रुक आणि खुर्द वाचाल: बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. राजगडाच्या पायथ्याच्या पाल खुर्दला महाराणी सईबाईंची समाधी आहे. त्या १६५९ साली राजगडावर वारल्या. ती या वाटेपासून बाजूला पडते, पण एखाद्या सरावाच्या रविवारी मुद्दाम तिकडून जा.

राजगडावर पळायचं नाही. शनिवार-रविवारी पद्मावती माचीवर गर्दी असते. महाराजांची ही पंचवीसेक वर्षांची राजधानी २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. आणि संजीवनी माचीच्या अरुंद वाटेवर ठेच लागली तर खाली सावरायला काही नाही. पाणी राजगडावरच भरून घ्या. पुढच्या दांड्यावर एखादं ताकाचं खोपट उघडं असेलही, पण त्यावर विसंबू नका. निदान दोन लिटर, मीठ-साखर, गूळ-शेंगदाणे. बुधला माचीखालची चढण दमलेल्या पायांनी करायची असते, म्हणून तिथे ऊन माथ्यावर यायच्या आत पोहोचा.

बुटाचं फार मनावर घेऊ नका. तळ खोल खाचांचा हवा, बास. आमची निम्मी पिढी स्वस्तातल्या ॲक्शनच्या बुटांवर सह्याद्री फिरली.

वेळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. त्याआधी गवत कमरेएवढं असतं आणि खालचा खड्डा दिसत नाही, मार्चनंतर कातळ तापतो. अत्तर, डिओ काही लावू नका, मोहोळं आहेत. पूर्ण वाट ५० किलोमीटरच्या वर जाते, ती पहिल्या वर्षी नकोच. आधी चार रविवार आतकरवाडीतून सिंहगड, दोनदा चढून दोनदा उतरून. मग गुंजवण्यातून राजगड. मग एखाद्या जाणत्याबरोबर राजगड–तोरणा, पहाटे निघून. वेल्ह्यात उतरलात की किती तास लागले ते इथे कळवा. आणि कल्याण गावातून जाताना चालत जा, ते मामा अजून खळ्यावर असतात.