आवाज फुटतो म्हणून गाणे सोडण्याआधी पट्टी तपासा

घरी एकट्याने गाताना सूर लागतो, पण वर्गात सर्वांसमोर तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, आवाज फुटतो आणि मग तोंडच उघडवत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ते वाचताना मला माझीच सुरुवातीची वर्षे आठवली, म्हणून सविस्तर लिहितो. ओंकार, अलंकार, रोजचा रियाज हे सारे तुम्ही करतच असाल. त्याविषयी मी काही सांगत नाही.

मी ज्या वर्गात शिकत होतो, तिथे सगळ्यांसाठी एकच पेटी होती आणि सर्वांची पट्टी, म्हणजे षड्ज (‘सा’) धरण्याची जागा, काळी दोन, म्हणजे पेटीची दुसरी काळी. माझा आवाज मुळात ढाला, म्हणजे जाड आणि खोल. मध्य पंचमापर्यंत काही वाटत नसे, पण धैवत-निषाद ओलांडताना हनुवटी वर जायची, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि तार षड्जाला आवाज चिरकायचा. एके दिवशी शिक्षकांनी भाता थांबवला आणि सर्वांसमोर सांगितले, ‘तुम्हाला सुराचा कान नाही.’ त्या शब्दांनी मी खचलो, हे खरे. पण माझे सर्वांत मोठे नुकसान मी स्वतःच केले, कारण कोणतीही शहानिशा न करता मी ते मान्य केले. त्यानंतर दीड वर्ष मी मागे बसून पुटपुटल्यासारखा गात राहिलो. त्या दबक्या गाण्याने आवाजातला दम गेला आणि भीती मात्र पक्की झाली.

पुढे एका ज्येष्ठ गायकांनी आधी मला नुसते बोलायला लावले, मग खर्जात उतरवले आणि माझा षड्ज पांढरी एकवर धरला. काळी दोनपासून हे अंतर अवघे तीन अर्धस्वरांचे. तार षड्जाची कंपने सेकंदाला सुमारे ३११ होती, ती २६२ झाली, आणि तो सूर पहिल्याच प्रयत्नात, हनुवटी जागची न हलता लागला. दोष कानाचा असता, तर पट्टी उतरवून तो गेला नसता. एवढी साधी गोष्ट तपासून न पाहता शिकणाऱ्याला कान नाही असे सांगणे मला आजही अक्षम्य वाटते.

घरी लागणारा सूर वर्गात का जातो, याचे कारणही इथेच आहे. धास्तावल्यावर श्वास उथळ होतो, गळ्याचे स्नायू आवळतात आणि ज्या सुराला आधीच ताण आहे, तो सर्वांत आधी तुटतो. म्हणून माझे ठाम मत असे, की चारचौघांत गाताना सुरुवातीला घरच्यापेक्षा अर्धा सूर खाली गावे. एकदम वर्गासमोर पूर्ण बंदिश गाऊ नये. विश्वासातल्या एकाच माणसासमोर तानपुऱ्यावर फक्त षड्ज लावावा, श्वास संपेपर्यंत धरावा आणि थांबावे. तेवढे सहज जमले की ऐकणारा दुसरा माणूस बोलवावा. मला या टप्प्याला तीन महिने लागले. तुम्हाला कमी किंवा जास्त लागतील.

रेकॉर्डिंगबद्दलही सांगतो. स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून आणि डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतून येणारा भाग नसल्यामुळे तो पातळ आणि परका वाटतो. तेवढ्यावरून आवाज वाईट ठरवू नका. दुसऱ्या दिवशी ऐका, आणि सूर तानपुऱ्याला मिळतो का, एवढेच पाहा.

मी गायनशिक्षक नाही. हे सारे माझ्या एका गळ्याच्या अनुभवावरून लिहिले आहे. आवाज दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहत असेल किंवा गाताना घसा दुखत असेल, तर मात्र रियाज थांबवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तसे काही नसेल, तर वर्गात तुमचा षड्ज कोणत्या पट्टीत असतो आणि घरी तुम्ही सहज गुणगुणता तेव्हा तो कुठे लागतो, हे पेटीवर पाहून कृपया कळवा.