फीची अट आधी मागे घ्या

पत्र न्यू जर्सीतल्या एडिसनहून, एका वडिलांचं. मुलगी वीस वर्षांची, जन्मापासून तिथलीच, पॉलिटिकल सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला. तिला लॉ स्कूलला जायचंय. वडिलांनी तिला सांगून ठेवलंय, ‘फेडरल जज होणार असशील, तेही पस्तिशीच्या आत, तर फी भरतो. नुसती वकिली करायची असेल तर डेटा सायन्समध्ये मास्टर्स कर.’ शनिवारी भाडेकरूंच्या मदतकेंद्रात ती विनामूल्य काम करायची. अभ्यासाचा वेळ जातो म्हणून तेही त्यांनी बंद केलंय. त्यांची आतेबहीण परीक्षा देऊन सत्ताविसाव्या वर्षी साताऱ्यात न्यायाधीश झाली. त्यांना विचारायचंय, अमेरिकेत ती परीक्षा कोणती आणि तयारी केव्हा सुरू करायची?

नमस्कार,

मुलीचे मार्क उत्तम आहेत, त्यांची काळजी नको. मला काळजी वाटली ती तुमच्या अटीची.

फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातल्या न्यायाधीशाचं पद मिळणं तिच्या हातात नाही, तुमच्याही नाही. नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, मंजुरी सिनेट देतं. देशभरात फेडरल जिल्हा न्यायाधीशांची पदं पावणेसातशेच्या आसपास, त्यातली न्यू जर्सीत सतरा. नेमणूक तहहयात असल्यामुळे जागा रिकामी कधी होईल ते कुणीच सांगू शकत नाही. समजा, वीस वर्षांनी ती नावाजलेली वकील झाली, पण योग्य वेळी जागाच निघाली नाही. मग तुमच्या हिशेबाने ती नापास? वीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हे ओझं ठेवून तुम्ही तिला लॉ स्कूलला पाठवणार आहात. असं करू नका.

आता परीक्षेचं. अशी परीक्षाच नाही. महाराष्ट्रात लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर होता येतं. तिथेही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा लागू केली. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात मात्र न्यायाधीशांची वेगळी सेवा नाही, भरतीची जाहिरात नाही, खालून वर बढतीही नाही. न्यायाधीश वकिलांमधूनच घेतले जातात, आणि तेही बरीच वर्षं वकिली झाल्यावर. ‘वकिलीत खोटं बोलावं लागतं, म्हणून थेट जजच’ असं तुम्ही लिहिलंय. तो थेट रस्ता नाहीच. पस्तिशीचंही विसरा. अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची संघटना उमेदवाराची पारख करते तेव्हा साधारण बारा वर्षांची वकिली आणि कोर्टात उभं राहिल्याचा भक्कम अनुभव अपेक्षित धरते. वॉशिंग्टनचे फेडरल न्यायाधीश अमित मेहता नेमणुकीच्या वेळी चाळिशी ओलांडलेले होते. त्याआधी गरीब आरोपींचे सरकारी खर्चाने नेमलेले वकील म्हणूनही त्यांनी काम केलं होतं. तुमच्याच राज्यातल्या ट्रेंटनचे न्यायाधीश झाहिद कुरेशी रटगर्सच्या लॉ स्कूलमधले. लष्करी वकील, मग फेडरल सरकारी वकील, २०१९ ला मॅजिस्ट्रेट न्यायाधीश आणि २०२१ ला जिल्हा न्यायाधीश. पहिल्या पाचातलं कॉलेज नसेल तर सगळं संपलं, असं घरी बोलत असाल तर तेही थांबवा.

सिनेटच्या न्यायविषयक समितीची प्रश्नावली तुम्ही स्वतः एकदा वाचा. निवड झालेल्यांनी भरलेल्या प्रती जाहीर असतात. स्वतः लढवलेले सर्वांत महत्त्वाचे दहा खटले लिहायचे, आणि प्रत्येकासमोर विरुद्ध बाजूच्या वकिलाचं नाव आणि फोन नंबर. त्या वकिलांना फोन जातात. ज्याने समोरच्याला फसवलं, कागद दडवले, शब्द फिरवला, त्याचं इथे उघडं पडतं. निकालापर्यंत किती खटले नेले, एकट्याने किती, सहायक म्हणून किती, हेही विचारतात. आणि एक प्रश्न असतो, परवडत नाही अशा लोकांसाठी विनामूल्य काय काम केलंत? तुम्ही बंद केलेला तिचा शनिवार याच रकान्यातला. तो आधी सुरू करा. रकाना भरण्यासाठी नव्हे. घर जाण्याच्या भीतीने समोर बसलेल्या माणसाचं बोलणं नीट ऐकून घेण्याची सवय तिथे लागते, म्हणून.

आणि त्या खुर्चीवरचं काम काय असतं, तेही कळू द्या. शिक्षा सुनावायच्या दिवशी समोर एक तक्ता असतो, ४३ ओळी गुन्ह्याच्या पातळीच्या आणि ६ रकाने आधीच्या गुन्ह्यांच्या नोंदीचे. गुन्ह्याची पातळी २४ आणि आधीची नोंद नसल्यासारखीच असेल तर तक्ता सांगतो ५१ ते ६३ महिने. २००५ पासून तो बंधनकारक नाही. पुरेशी, पण गरजेपेक्षा एक दिवसही जास्त नाही, अशी शिक्षा न्यायाधीशाने ठरवायची आणि तिची कारणं भर कोर्टात सांगायची. त्याआधी आरोपीला बोलू द्यायचं. त्याची आई मागच्या बाकावर बसलेली असते. दिवाणी बाजूला सहा महिन्यांहून जास्त रखडलेल्या अर्जांची यादी वर्षातून दोनदा निघते, न्यायाधीशाच्या नावासकट. एखाद्या पक्षकार कंपनीचा एक शेअर जरी घरात असला तरी ते प्रकरण सोडावं लागतं. जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीतल्याच एका फेडरल न्यायाधीशांच्या घरी एका वकिलाने त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाला दारातच गोळ्या घातल्या. हे माहीत असूनही तिला तिथे बसायचंय का, हे तिने ठरवायचं.

जिल्हा न्यायाधीशाचा पगार २०२५ मध्ये वर्षाला २,४७,४०० डॉलर होता. मोठ्या लॉ फर्ममध्ये पहिल्याच वर्षी मूळ पगार २,२५,००० असतो. उलट अव्वल खासगी लॉ स्कूलचा खर्च राहण्या-जेवणासकट वर्षाला लाखाच्या वर, तीन वर्षं. त्यामुळे शिष्यवृत्ती देणारं राज्याचं कॉलेज मिळालं तर मी तेच निवडायला सांगेन. डोक्यावर कर्ज नसलं की कमी पगाराचं सरकारी वकिलाचं किंवा बचावाचं काम घेता येतं, आणि कोर्टात उभं राहायला तिथेच मिळतं.

लॉ स्कूलसाठी एलसॅट ही प्रवेशपरीक्षा द्यायची, तिचे क्लास तुम्हाला ठाऊक आहेत. नंतर एखाद-दोन वर्षं न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क, म्हणजे कायद्याच्या कामातला मदतनीस, म्हणून काढता आली तर जरूर काढावीत. निकालाचा मसुदा कसा तयार होतो ते आतून बघायला मिळतं.

न्यायाधीशपदाचीच ओढ असेल तर रीतसर अर्ज करता येतो असंही एक पद आहे, फेडरल मॅजिस्ट्रेट न्यायाधीश. किमान पाच वर्षं वकिली लागते, जाहीर सूचना निघते, निवड समिती नावं सुचवते, नेमणूक जिल्हा न्यायाधीश करतात आणि मुदत आठ वर्षांची असते. न्यू जर्सी राज्याच्या स्वतःच्या सुपीरियर कोर्टासाठी दहा वर्षं वकिली हवी, नाव गव्हर्नर पाठवतात. दोन्हीकडे तिची वकिलीच बघतात.

तर ‘जज होणार का’ हे तिला विचारू नका. दुसऱ्याचं भांडण स्वतःच्या डोक्यावर घेऊन उभं राहायला आवडतं का, हे विचारा. उत्तर तिलाही आज नक्की माहीत नसेल. नेवार्कचं फेडरल कोर्ट तुमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत आहे. सुनावण्या सगळ्यांना खुल्या असतात. तिला सुटी असेल असा कामाचा दिवस बघून दोघं जा. एक शिक्षेची सुनावणी आणि चालू खटला असेल तर एक उलटतपास, एवढं मागच्या बाकावर बसून बघा. परतताना गाडीत आधी तिला बोलू द्या. आणि फीची अट त्या दिवसापूर्वीच मागे घेतलेली असू द्या, नाहीतर ती तुम्हाला हवं तेच बोलेल.