एअर फिल्टर आणि ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) घरीच साफ केल्यावर टर्बो डिझेल गाडीचा पिकअप गेला, काळा धूर येतोय, काय झालं असेल?

टर्बो गेला म्हणून लगेच घाबरू नका हो, काल चांगली चालणारी गाडी आज हात लावल्यावर बिघडली म्हणजे जिथं हात लावला तिथंच आधी बघायचं. माझंही असंच झालेलं, सोलापुरात होटगी रोडला गाडी अचानक ढिम्म, दाबलं की नुसता सूं सूं आवाज आणि मागं काळा धूर, मेकॅनिक थेट टर्बो बदला म्हणाला. निघालं काय, तर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपाचा क्लॅम्प मीच नीट आवळला नव्हता! एअर फिल्टरजवळच्या सेन्सरनं मोजलेली हवा मधेच गळते, डिझेल मात्र त्याच हिशोबानं पडतं, म्हणून धूर.

इंजिन गार असताना सगळे पाइप हलवून बघा, टर्बोच्या ॲक्चुएटरला (टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाला) जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळी निघालीय का तेपण, आणि त्या हवा मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत बसवा. तो सेन्सर कपड्यानं पुसलाय का? मग तोच गेला असेल, आत फार नाजूक तार असते. स्कॅनरवर पी०२९९ हा एरर कोड आला तर बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला हवेचा दाब, कमी पडतोय एवढंच कळतं, टर्बोच खराब असं नाही. निळा धूर आणि ऑइल कमी होत असेल तर मात्र गाडी चालवू नका.