'डार्क' ही जर्मन मालिका लोक एवढी डोक्यावर का घेतात? बघावी का?

बघाच, पण भाजी निवडता निवडता बघायची ही मालिका नव्हे.

विंडेन नावाचं आडगाव, अणुवीज केंद्र, जंगलातली गुहा आणि हरवलेली मुलं. वाटतं, नेहमीचीच पोलीस तपासाची गोष्ट असणार. पण पहिल्याच भागात एक माणूस गळफास घेतो आणि पाकिटावर लिहून जातो, ४ नोव्हेंबरच्या रात्री १०:१३ च्या आधी उघडू नये. एवढी नेमकी वेळ त्याला कशी ठाऊक? इथून जे अडकायला होतं ते होतंच. पुढे गोष्ट २०१९ मधून ३३ वर्षं मागे १९८६ मध्ये, तिथून १९५३ मध्ये जाते आणि नात्यांचा असा गुंता होतो की वंशावळ कागदावर मांडावी लागते.

मला सर्वांत आवडली ती पात्रनिवड. एकाच माणसाची तीन वयं तीन नट करतात, तरी चेहरा लगेच ओळखू येतो.

तिसरा सीझन जरा जास्तच पसरलाय (माझं मत!), पण २६ भागांत गोष्ट संपवलीय, उगाच ताणलेली नाही. आणि हो, इंग्रजी डबिंग नको, मूळ जर्मन आवाज आणि सबटायटल्सच लावा.