मार्च १९२० च्या बर्लिनमधील एमपी १८

प्रश्न : आमच्या रोल-प्लेइंग खेळाचे कथानक मार्च १९२० मध्ये, जर्मन सरकार उलथवण्यासाठी झालेल्या काप यांच्या उठावाच्या दिवसांत, बर्लिनमध्ये घडते. त्यातील एका माजी सैनिकाला बर्गमनची एमपी १८ ही सब-मशिनगन द्यायची आहे. नियमांत मात्र फक्त अमेरिकी थॉम्पसन या सब-मशिनगनचा तक्ता आहे. तोच वापरला तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तो तक्ता वापरू नये. थॉम्पसन बाजारात आली १९२१ मध्ये, तर ह्यूगो श्मायसर यांनी आरेखित केलेली एमपी १८ पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांतच जर्मन हल्लापथकांच्या हाती आली होती. त्यामुळे आपल्या माजी सैनिकाकडे ती असणे स्वाभाविकच आहे.

एका गोळीची इजा वाढवण्याचा मोह आवरावा. या शस्त्रात लुगर पिस्तुलाचेच ९ मिमी काडतूस वापरले जात असल्याने त्या पिस्तुलासाठी जे फासे टाकता, तेच येथेही टाकावेत. खरा फरक वेगात आहे. थॉम्पसनचा बाजारात आलेला पहिला नमुना मिनिटाला सुमारे ८०० गोळ्या झाडत असे, एमपी १८ साधारण ४००. म्हणून एका फेरीत तिला थॉम्पसनच्या निम्म्याच गोळ्या द्याव्यात. तिच्यात एकेक गोळी झाडण्यासाठी वेगळा खटका नाही. तरीही वेग कमी असल्यामुळे सरावलेला हात चाप झटकन सोडून एकच गोळी झाडू शकतो, आणि या कौशल्यासाठी स्वतंत्र चाचणी ठेवल्यास खेळाला रंगत येईल.

मात्र या शस्त्राचा सगळा स्वभाव त्याच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पेटीत आहे. लुगरच्या लांब नळीच्या आवृत्तीसाठी बनवलेले ३२ गोळ्यांचे गोगलगायीच्या आकाराचे मॅगझिन एमपी १८ च्या डाव्या बाजूला बसवत. ते अवजड होते, त्यामुळे बंदुकीचा तोल एका अंगाला जाई, आणि ते भरण्यासाठी वेगळे साधन लागे. लढाईच्या मध्यावर ते भरणे जवळजवळ अशक्य मानावे, पात्राकडे भरलेली मॅगझिन किती आहेत ते आधीच लिहून घ्यावे आणि बंदूक अडकण्याची शक्यता थॉम्पसनपेक्षा अधिक ठेवावी. शिवाय बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) पुढे असताना दस्ता जमिनीवर जोरात आपटला, तर गोळी सुटण्याचा धोका असे. खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने पात्राच्या हातून बंदूक पडताच फासे मागावेत.