शहापूरचं पडकं घर: गिलाव्याला पैसे घालायचे की कागदाला?

बेळगावातल्या शहापूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. घर आजोबांच्या वेळचं. वडील आधीच गेलेले, आई गेल्या वर्षी गेली आणि तेव्हापासून घराला कुलूप. पांढऱ्या मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, जागा १,१०० चौरस फूट. गेल्या पावसात परड्याकडची भिंत ढासळली. मिस्त्रीने दुरुस्तीचा अंदाज १० लाख दिलाय. एका दलालाने आहे त्या स्थितीत ४२ लाखांचं गिऱ्हाईक आणलंय, पण खरेदीपत्र २७ लाखांचंच करायचं आणि १५ लाख रोख, अशी अट आहे. गव्हर्नमेंट व्हॅल्यू, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरली जाणारी सरकारी किंमत, ३९ लाख निघते. दुसरा दलाल म्हणतो, दुरुस्त करा, ५६ लाख मिळवून देतो. धाकटा भाऊ विकायला नाखूष, बहीण गडहिंग्लजला. वाचक स्वतः ४९ वर्षांचे, उद्यमबागेत नोकरीला. हिंदवाडीतल्या फ्लॅटवर ८.६ टक्क्यांनी ११ लाखांचं कर्ज आहे, अजून १२ वर्षं फेडायचंय. "दुरुस्तीसाठी कर्ज काढू का?" असं त्यांनी विचारलंय.

काढू नका. घर आहे तसं विका, पण पहिल्या दलालाच्या अटीवर नको.

आधी दुरुस्तीचा हिशेब. ५६ मधून ४२ गेले, राहिले १४ लाख. त्यातले १० दुरुस्तीला, म्हणजे हातात ४. दुरुस्ती आणि मग गिऱ्हाईक शोधणं यात एक वर्ष सहज जातं. आज हातात येणारे ४२ लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत वर्षभर राहिले असते तर २ लाख ७३ हजार व्याज झालं असतं. दुरुस्तीचं कर्ज ११ टक्क्यांनी धरलं तर वर्षाचं व्याज १ लाख १० हजार. चार लाखांतून दोन्ही वजा करा, १७ हजार उरतात. आणि हे सगळं मिस्त्रीचा अंदाज रुपयानेही चुकला नाही तर! मातीच्या घरात एक भिंत उघडली की वासे किडलेले निघतात, वासे काढले की कौलं फुटतात. दहाचे बारा होणं ही तिथली रीतच आहे.

शिवाय ५६ लाख देणार कोण, हा प्रश्न दलालाला विचारलाय का? नोकरदार माणूस गृहकर्जावर घर घेतो, आणि मातीच्या भिंतींच्या जुन्या घरावर कर्ज देताना बँका हात आखडता घेतात, वरून कितीही चांगला रंग दिला तरी. मग उरतो बिल्डर, नाहीतर शेजारी. दोघेही जागेसाठी घेणार आणि घर पाडणार. तुमचा नवा गिलावा त्यांच्या जेसीबीखाली जाणार. ४२ लाख म्हणजे चौरस फुटाला सुमारे ३,८०० रुपये पडतात. हा भाव जागेचा आहे, भिंतींचा नाही.

म्हणून दलालाच्या आधी शेजाऱ्याकडे जा. शहापूरच्या गल्ल्यांतून दर्शनी रुंदी कमी आणि लांबी जास्त अशा जागा असतात. एकट्या जागेवर नीट बांधकाम बसत नाही, दोन एकत्र झाल्या की दोन्हींची किंमत वाढते. दोन्ही बाजूंच्या घरमालकांना एकदा विचारून बघा. नाही म्हणाले तरी ४२ ला ४४ करायला तेवढी चर्चा पुरते. त्याच वेळी बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मास्टर प्लॅनमध्ये तुमच्या गल्लीची रुंदी किती दाखवलीय तेही बघून घ्या. रस्तारुंदीत दर्शनी पाच फूट जाणार असतील तर गिऱ्हाईकाला ते माहीत असतं. तुम्हाला माहीत नसलं की भाव पाडायला त्याला सोपं जातं.

आता त्या १५ लाख रोखीबद्दल. इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडे हे "सगळेच करतात" म्हणून उरकलं जातं. खरेदीपत्र २७ लाखांचं केलं तरी मुद्रांक शुल्क गव्हर्नमेंट व्हॅल्यूवर, म्हणजे ३९ लाखांवरच भरावं लागतं. प्राप्तिकर खातंही तुमची विक्री किंमत ३९ लाखच धरतं, कारण कागदावरच्या किमतीपेक्षा सरकारी किंमत १० टक्क्यांहून जास्त असेल तर सरकारी किंमत लागू होते. म्हणजे एवढा खटाटोप करून तुमचा कर वाचतो तो ४२ आणि ३९ मधल्या फक्त ३ लाखांवरचा. तिघा भावंडांचा मिळून ६० हजारांच्या घरात. त्या बदल्यात जोखीम बघा: जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. १५ लाखांना १५ लाख. गिऱ्हाईकही सुटत नाही, २७ आणि ३९ मधले १२ लाख त्याचं उत्पन्न म्हणून धरले जातात. दलालाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे भाव खाली घासताना मर्यादा सांभाळा. ३९ लाखांची सरकारी किंमत असताना तुम्ही खरोखरच ३५ लाखांना विकलं, तरी कर ३९ वर बसेल. तशी वेळ आलीच तर इंजिनिअरचा अहवाल आणि पडक्या भिंतीचे फोटो जपून ठेवा. खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडून किंमत ठरवून मागायचा हक्क तुम्हाला आहे. सरकारी किंमत काढताना जो भाग पडलाय तोही बांधकाम म्हणून मोजलाय का, हे आत्ताच तपासा.

कराचा आकडा तुम्ही समजता तेवढा भयंकर नाही. वारशाच्या घराला आजोबा-वडिलांची खरेदी किंमत लागते, आणि मिळकत २००१ च्या आधीची असल्याने १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. नोंदणीकृत मूल्यमापकाने ती ६ लाख काढली असं समजू. (त्या तारखेच्या सरकारी किमतीपेक्षा ती जास्त धरता येत नाही.) २०२५-२६ चा महागाई निर्देशांक ३७६ आहे, त्याने ६ लाखांचे २२ लाख ५६ हजार होतात. ४२ मधून ते वजा जाता नफा १९ लाख ४४ हजार, त्यावर २० टक्के. दुसरी पद्धत निर्देशांक न लावता साडेबारा टक्क्यांची, ती ३६ लाखांवर. २३ जुलै २०२४ च्या आधीपासूनच्या मिळकतीला यातला कमी भरेल तो कर लागतो. तुमच्या तिसऱ्या हिश्शावर उपकरासह तो साधारण १ लाख ३५ हजार येतो. बहिणीला दुसरं उत्पन्न नसेल तर तिला करमुक्त मर्यादेचाही फायदा मिळेल, तिचा कर बराच कमी होईल.

हा १ लाख ३५ हजार वाचवायला कोणीतरी तुम्हाला पाच वर्षांचे भांडवली नफ्याचे रोखे सुचवेलच. तुमच्यासाठी ते तोट्याचं आहे. त्यात १२ लाख अडकतील, व्याज सव्वापाच टक्के, त्यावरही कर. इकडे ११ लाखांवर तुम्ही ८.६ टक्के भरत राहणार. पाच वर्षांत व्याजातला फरकच दीड लाखाच्या पुढे जातो, रोख्यांच्या व्याजावरचा कर वेगळा. हिंदवाडीचं कर्ज फेडलं म्हणून करात सूटही मिळत नाही, ती नवं घर घेतलं किंवा बांधलं तरच. तेव्हा कर भरा, तुमच्या हिश्शाच्या १४ लाखांमधून कर आणि दलाली जाता उरलेल्यातून कर्ज मिटवा. वरचे दीडेक लाख अडीअडचणीला ठेवा.

एक सूचना मात्र तिघांसाठी: घर स्वतः पाडून मोकळी जागा विकू नका. "पाडून द्या, जास्त देतो" असं गिऱ्हाईक म्हणेल. राहतं घर विकलं तर नव्या घरात फक्त नफ्याएवढी रक्कम घालून कर वाचतो. मोकळी जागा विकली तर पूर्ण वाचवायला विक्रीची सगळी रक्कम घालावी लागते, वर किती घरं आधी आहेत तेही बघितलं जातं. भावाला त्याच्या हिश्शातून घर बांधायचं असेल तर हा फरक मोठा आहे.

भावाचं नाखूष असणं मी हलक्यात घेत नाही. त्याला घर ठेवायचंच असेल तर त्याने तुम्हा दोघांना २८ लाख द्यावेत आणि हक्कसोड पत्र करून घ्यावं. मुदत द्या, तीन महिने. पण "राहू दे अजून एक पावसाळा" हे उत्तर चालणार नाही. दुसरी भिंत रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या सोप्यावर पडली तर जबाबदारी तिघांचीही आहे.

पैसे घालायचेच तर कागदावर घाला. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर बहिणीचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे. तिच्या सहीशिवाय कुठलाही शहाणा माणूस ही जागा घेणार नाही. सीटीएस (सिटी सर्व्हे) उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर तिघांची वारस नोंद करून घ्या, जागेची मोजणी करा, ई-खातं (मिळकतीचा ऑनलाइन खाते उतारा) काढा, ईसी (जागेवर कुठला बोजा आहे-नाही याचा दाखला) मिळवा. कागद बरेचसे कन्नडमध्ये येतील. आपल्यातले बरेच जण कन्नड बोलतात पण वाचताना अडखळतात, तेव्हा सहीच्या आधी वाचता येणाऱ्या विश्वासातल्या माणसाकडून नाव, चतु:सीमा आणि क्षेत्रफळ तपासून घ्या. आजोबांच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी पुढे महिने जातात. हा सगळा खर्च मिस्त्रीच्या दहा लाखांपुढे किरकोळ आहे, आणि कागद स्वच्छ असलेल्या पडक्या घराला भाव पाडून मागणं अवघड जातं.

संचकारपत्रात (विसारपत्रात) "आहे त्या स्थितीत" हे शब्द घाला, पण तेवढ्याने सुटलो असं समजू नका. गिऱ्हाईकाला बघून कळणार नाही असा दोष, मग तो सामायिक भिंतीचा वाद असो की जुनं गहाण, विकणाऱ्याने सांगायलाच हवा. सांगितलेलं सगळं लेखी करा. संचकाराची रक्कम चेकनेच घ्या, तिघांच्या खात्यात वेगवेगळी.

मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत उरलेल्या भिंतींना टेकू द्या, कौलांवर ताडपत्री टाका, पडलेली माती काढून परडं मोकळं करा. दुरुस्तीच्या नावाने एवढाच खर्च करा. पहिल्या दलालाला कळवा: ४२ लाख, सगळे बँकेतून, तिघांच्या सह्या, ई-खातं हातात आल्यावर खरेदी. त्याचं गिऱ्हाईक खरंच जागेसाठी आलं असेल तर थांबेल.