कंपन्यांच्या ताब्यातले एम्बेडेड प्लॅटफॉर्म खरंच किती खुले असतात?

तुम्ही विचारलंय की नव्या उपकरणासाठी एका मोठ्या कंपनीचा ओपन सोर्स एम्बेडेड (म्हणजे उपकरणाच्या आत चालणारा) प्लॅटफॉर्म घ्यायचा विचार आहे, सगळा कोड समोर दिसतोय, मग आणखी काय तपासायचं? मी बरीच वर्षं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, लिहितोय. कोड दिसणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. आज हातात असलेल्या कोडचं काय करता येईल ते लायसन्समध्ये असतं. उद्याचा कोड कोण लिहिणार, कुणाचा पॅच (दुरुस्तीचा तुकडा) आत जाणार, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं.

अँड्रॉइडचंच बघा. बहुतेक भाग अपाची २.० या लायसन्सखाली, म्हणजे अटी अगदी सैल. तरी २०११ मध्ये हनीकोंब या अँड्रॉइड आवृत्तीवर चालणारे टॅब्लेट विकले जात होते आणि तिचा सोर्स (मूळ कोड) गूगलने रोखून ठेवला होता. तो बाहेर आला वर्षाअखेरीस, पुढच्या आवृत्तीच्या सोबतीने. यात लायसन्सचा भंग झाला का? नाही. सोर्स द्यायची सक्ती अपाचीत नाहीच. अँड्रॉइडचा लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सोर्स द्यायला लावणाऱ्या जीपीएल लायसन्सखाली, म्हणून तेवढा द्यावा लागला. २०२५ च्या मार्चमध्ये तर गूगलने जाहीर केलं की यापुढे सगळं काम कंपनीच्या आतल्या शाखांवर (कोडच्या खासगी प्रतींवर) होईल आणि तयार झाल्यावर कोड बाहेर येईल.

पण फोर्क, म्हणजे कोडची प्रत घेऊन स्वतंत्र वाट धरणं, करता येतो ना, असं तुम्ही म्हणाल. येतो, ॲमेझॉनने फायर टॅब्लेटसाठी केलाच. ग्यानबाची मेख वेगळीच आहे. फोनवर प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलच्या सुसंगतता चाचण्या पास व्हायच्या आणि करारावर सही करायची. त्या करारांत अट असायची की मान्यता नसलेल्या फोर्कवरचं एकही उपकरण विकायचं नाही. युरोपियन कमिशनने २०१८ मध्ये ४.३४ अब्ज युरोंचा दंड ठोठावला, त्यामागच्या कारणांपैकी ही एक अट होती. (२०२२ मध्ये न्यायालयाने रक्कम थोडी खाली आणली, निर्णय बहुतांशी कायम ठेवला.) म्हणजे कोड कुणीही घ्या, पण नाव, चाचणी आणि स्टोअर या तिन्ही चाव्या एकाच खिशात.

दुसरं कुलूप हार्डवेअरमध्ये असतं, आणि एम्बेडेडमध्ये तेच जास्त छळतं. टिवो हा लिनक्सवर चालणारा व्हिडिओ रेकॉर्डर. कंपनीने जीपीएलप्रमाणे सोर्स दिला, पण तो बदलून पुन्हा डब्यात टाकला की डबा चालवायला नकार द्यायचा, कारण कंपनीची डिजिटल सही जुळत नसे. २००७ च्या जीपीएल ३ मध्ये याविरुद्ध कलम आलं. लिनक्स कर्नल मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला, त्यामुळे ही पळवाट आजही उघडी आहे. याउलट लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरला असं कुलूप नव्हतं. २००३ मध्ये त्याचा सोर्स बाहेर आला आणि त्यातूनच राउटरसाठीचं खुलं ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं.

चिप कंपन्यांच्या एसडीकेबद्दल (त्यांच्या चिपसाठी सॉफ्टवेअर लिहायच्या साधनसंचाबद्दल) मी जरा कडवट बोलेन, ते सोसा. एकदा अशाच एका 'खुल्या' एसडीकेतला डीएमएचा (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत माहिती हलवणाऱ्या भागाचा) बग दुरुस्त करून पॅच पाठवला. आठ महिने चिडीचूप. मग नवी आवृत्ती एका अवाढव्य कमिटमध्ये (बदलांच्या एकाच नोंदीत) येऊन आदळली. त्यात बग दुरुस्त होता, पण कुणी, कधी, का याचा मागमूस नाही. वायफाय ड्रायव्हर तर बायनरी, म्हणजे सोर्सशिवाय दिलेला, आणि तो एकाच जुन्या कर्नलला बांधलेला. नव्या कर्नलमधले सुरक्षेचे पॅच आम्ही हातांनी त्या जुन्यात आणत बसलो.

आरटीओएसच्या (ठरल्या वेळेत काम करणाऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) बाबतीत मी इतका घाबरत नाही. फ्रीआरटीओएस २०१७ पासून ॲमेझॉनकडे आहे, पण एमआयटी हे सैल लायसन्स आहे आणि कर्नलचा गाभा म्हणजे तीन सी फायली. उद्या मालकाचा मूड बदलला तरी दोन जण तो सांभाळू शकतात. थ्रेडएक्स मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये घेतलं आणि २०२३ च्या अखेरीस एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. झेफिर २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनकडे, त्यात अनेक चिप कंपन्यांची माणसं. मला निवडायचं असेल तर झेफिर. मोठ्या प्रणालीचं मात्र तसं नसतं: नोकियाच्या फोनवरचं सिम्बियनही २०१० मध्ये खुलं झालंच होतं. नोकियाने पाठ फिरवल्यावर तेवढा डोंगर उचलायला दुसरं कुणी आलं नाही.

तुमच्या प्लॅटफॉर्मचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून एवढं करा. मागच्या सहा महिन्यांचे कमिट उघडून किती जण कंपनीबाहेरचे आहेत ते मोजा. उत्पादनाच्या बोर्डावर सहीची चावी कुणाची असेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. आणि कोऱ्या मशीनवर सोर्सपासून इमेज (बोर्डावर टाकायची तयार फाईल) बांधून बोर्डावर चढवा. बोर्ड बूट झाला, तर मग लायसन्स वाचायला बसा.